किटवरच्या दोन रेघा आणि पोटातलं पाणी

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या एका ताईंचा पर्शियन-क्रॉस बोका, नाव लाडू, वय नऊ महिने. तीन आठवड्यांपूर्वी नसबंदी झाली. तेव्हापासून खाणं कमी, ताप चढतो-उतरतो, अँटिबायोटिकचे पाच दिवस झाले तरी फरक नाही. पोट फुगलंय, पण पाठीचा कणा हाताला टोचतो. रक्ताची किटवर तपासणी केली, ‘कोरोना पॉझिटिव्ह’ आलं. घरात आणखी दोन मांजरी आहेत आणि सूनबाईंना पाचवा महिना आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं की याला औषध नाही, त्रास कशाला, झोपवून टाका. घरचे म्हणतात तिन्ही मांजरं बाहेर काढा. काय करू?

ताई, बाकी सगळं नंतर वाचा. आधी उठून लाडूकडे जा आणि दोन गोष्टी बघा.

तो झोपलेला असताना छाती-पोट मिनिटाला किती वेळा वर-खाली होतं ते मोबाईलवर वेळ लावून मोजा. तिसाच्या आत असेल तर रात्र काढता येईल. चाळिसाच्या वर गेलं, किंवा तो तोंड उघडून श्वास घेत असेल, तर सकाळची वाट बघू नका, कारण पाणी छातीतही असू शकतं. दुसरं, गेल्या चोवीस तासांत त्याने लघवी केली का? बोक्याचं पोट टम्म झालं की सगळे पाणी-पाणी म्हणतात आणि कधीकधी ती तुंबलेली लघवी निघते. त्यात दोन दिवसांत मांजर जातं. तीन मांजरांत एकच ट्रे असेल तर कुणाची लघवी कुठली हे कळत नाही, म्हणून आजची रात्र लाडूला एका खोलीत, वेगळ्या ट्रेसोबत ठेवा.

आणि तापासाठी घरातली क्रोसिन दिली असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. एका गोळीने मांजर दगावतं. हिरड्या मातकट होतात, तोंड सुजतं, आणि मग आमच्या हातात फारसं काही राहत नाही. ‘अर्धीच दिली होती’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता केसपेपरवर नाव लिहायच्या आधी तेच विचारतो.

आता ‘कोरोना’.

हा शब्दच तुमच्या घरात भांडण लावतोय, म्हणून तो आधी मोकळा करतो. कोरोना हे एका विषाणूचं नाव नाही, मोठ्या खानदानाचं आडनाव आहे. २०२० मध्ये आपल्याकडे आला तो त्या खानदानाच्या एका शाखेतला, आणि मांजरांचा कोरोना दुसऱ्या शाखेतला. मांजराचा हा विषाणू मांजराच्या आतड्यात राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि माणसाला होत नाही. तुम्हाला नाही, नातवंडाला नाही, सूनबाईंनाही नाही. उलटा प्रवास मात्र झालेला आहे. माणसांचा कोविड घरातल्या मांजरांना झाला, न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात वाघिणीला झाला, आणि २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात आठ सिंहांना झाला. म्हणजे त्या बाबतीत तक्रार करायचा हक्क मांजरांचा आहे, आपला नाही.

मांजरांचा कोरोना अतिशय सामान्य आहे. एकापेक्षा जास्त मांजरं जिथे एकत्र राहतात, विकायला पिल्लं तयार करणाऱ्यांकडे तर विशेषच, तिथली बहुतेक मांजरं आयुष्यात कधी ना कधी तो घेऊन फिरतात. चार दिवस पातळ जुलाब, किंवा तेवढंही नाही. मग शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तुमच्या किटवर उमटल्या त्या दोन रेघा या प्रतिपिंडांच्या आहेत. लाडूची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच त्या सांगतात. आज पोटात जे चाललंय ते त्याचंच काम आहे का, हे त्या सांगत नाहीत. चिंगी आणि सोनीला, तुमच्या दुसऱ्या मांजरींची नावं मला माहीत नाहीत म्हणून मीच ठेवली, उद्या त्याच किटवर घातलं तर बहुधा तशाच रेघा येतील. त्या दोघी मात्र मस्त खाऊन-पिऊन कपाटावर झोपलेल्या असतील.

खरा घोळ पुढे होतो. संसर्ग झालेल्या दहा-वीस मांजरांतल्या एखाद्यात हा विषाणू आतड्यात असतानाच बदलतो. आतड्याच्या पेशी सोडून तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये वाढायला शिकतो. या त्या पेशी, ज्यांनी त्याला खाऊन संपवायचं असतं. चोराला पोलिसांची जीप मिळाली असं समजा. मग तो शरीरभर फिरतो, बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, आणि त्यातून प्रथिनांनी भरलेलं पाणी पोटात नाहीतर छातीत पाझरतं. याला आम्ही एफआयपी म्हणतो. पाणी साठतं तो ओला प्रकार. सुक्या प्रकारात पाणी नसतं, पण मूत्रपिंडावर, आतड्याच्या गाठींवर, डोळ्यात किंवा मेंदूत सुजेच्या गाठी होतात. सुका प्रकार ओळखायला कठीण. डोळ्याचा रंग अचानक बदलला, मागचे पाय लटपटायला लागले, कावीळ दिसली, वजन घटतंय आणि ताप कशालाच दाद देत नाही, अशा वेळी तो मनात ठेवावा लागतो.

बहुतेक पेशंट दोन वर्षांच्या आतले असतात, आणि तब्येत बिघडण्याआधीच्या काही आठवड्यांत घरात काहीतरी घडलेलं असतं. नवीन घर, नवीन मांजर, बोर्डिंग, नसबंदी. दिवाळीच्या फटाक्यांनंतर पंधरा-वीस दिवसांनी आलेली मांजरंही मी पाहिलीत. लाडूच्या बाबतीत नसबंदीला दोष देऊ नका. तो विषाणू आधीपासून आत होता. ताण आला, प्रतिकारशक्ती जरा ढिली पडली, त्याला वाव मिळाला.

तेव्हा नऊ महिन्यांचा पर्शियन-क्रॉस बोका, तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन, अँटिबायोटिकला न बधणारा ताप, फुगलेलं पोट आणि टोचणारा कणा. या चित्रावरून मलाही एफआयपीचाच संशय येतो. पण संशय आणि निदान यांत एक सुई टोचायची असते, आणि ती तुमच्या लाडूला अजून टोचलेली नाही. पोटातलं पाणी काढून बघितल्याशिवाय कुणीही ‘झोपवा’ म्हणू नये.

हे मी शहाणपणा शिकवायला सांगत नाही, स्वतः पोळलोय म्हणून सांगतोय. २०१३ मध्ये देवळाली कॅम्पहून एक करडी मांजर आली होती. धाप, ताप, छातीत पाणी. किट लावली, दोन रेघा. मी मोठ्या आत्मविश्वासाने घरच्यांना बसवून सांगितलं की हा एफआयपी आहे, आता फार दिवस नाहीत. बाई रडत घरी गेल्या. दोन दिवसांनी धाप वाढली म्हणून नुसता आराम पडावा या हेतूने छातीत सुई घातली, तर सिरिंजमध्ये आला पू. घट्ट, घाण वासाचा, टोमॅटो सूपसारखा. चावल्याच्या जखमेतून आत गेलेला साधा जीवाणूसंसर्ग. नळी घालून छाती धुतली, महिनाभर अँटिबायोटिक दिलं, मांजर पुढे सात वर्षं जगली. ते दोन दिवस मी फुकट घालवले होते, आणि ती मेली असती तर चूक कुणाला कळलीही नसती. मलासुद्धा नाही. त्यानंतर किटच्या रेघेवर मी निदान केलेलं नाही.

पोटातलं पाणी मात्र बरंच बोलतं. एफआयपीचं पाणी पिवळं, गवताच्या काडीच्या रंगाचं, बहुधा स्वच्छ आणि चिकट असतं. हातमोज्याच्या दोन बोटांत धरून बोटं लांब केली की तार निघते. चिक्कीचा पाक बघतात ना, एकतारी झाला का, तशी. हलवलं की फेस येतो. मग आम्ही एक जुनी, स्वस्तातली तपासणी करतो, रिव्हाल्टा नावाची. काचेच्या नळीत आठेक मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब, हलवून घ्यायचं. वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा. साधं पाणी असेल तर थेंब विरघळून जातो, नळी पुन्हा निवळशंख. एफआयपी असेल तर थेंब विरघळत नाही. वरच लटकतो, किंवा जेलीफिशसारखा शेपूट सोडत सावकाश तळाकडे जातो. घरच्या लोकांना मी ती नळी खिडकीच्या उजेडात धरून दाखवतो. रिपोर्टवरच्या आकड्यांपेक्षा हे त्यांना पटकन समजतं.

पण थेंबालाही देव मानू नका. पोटात जीवाणूंचा पू असेल किंवा काही प्रकारचा कॅन्सर असेल तरी थेंब लटकू शकतो. म्हणून त्याच पाण्याची काच करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, पेशी कोणत्या आहेत, जीवाणू आहेत का. थेंब विरघळला तर मात्र एफआयपीची शक्यता बरीच कमी होते, आणि मग हृदय, यकृत असं दुसरीकडे शोधायचं.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये सगळेजण सगळे आकडे वाचत बसतात. तुम्ही एकच काढा. अल्ब्युमिनला ग्लोब्युलिनने भागा. उत्तर ०.४ च्या खाली आलं तर एफआयपीच्या बाजूने मोठं पारडं, ०.८ च्या वर असेल तर बहुधा नाही. मधे असेल तर मधेच. शिवाय थोडा रक्तक्षय आणि बिलिरुबिन वाढलेलं असेल तर चित्र आणखी घट्ट होतं. पोटातल्या पाण्याची पीसीआर करता येते. नमुना बाहेरगावी जातो, दोन-चार दिवस लागतात. विष्ठेची पीसीआर करू नका. ती घरातल्या निम्म्या मांजरांची पॉझिटिव्ह येईल आणि पुन्हा किटसारखाच गोंधळ होईल. चित्र स्पष्ट असेल तर रिपोर्टसाठी मी उपचार थांबवून ठेवत नाही. ओल्या एफआयपीत मांजर आठवड्यांत नाही, दिवसांत घसरतं.

आता औषधाबद्दल. ज्यांनी तुम्हाला ‘औषध नाही’ सांगितलं त्यांच्यावर चिडू नका, काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही शब्दशः तेच सांगत होतो. १९६३ मध्ये बोस्टनच्या जीन होल्झवर्थ या पशुवैद्य बाईंनी या आजाराची पहिली नोंद केली, आणि त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं हा आजार म्हणजे मृत्यूचाच दाखला होता. आमच्या परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवायचे तेव्हाही उपचारांच्या रकान्यात स्टिरॉइड आणि सहानुभूती एवढंच होतं. मग कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात नील्स पेडरसन यांनी, ज्यांनी आयुष्यच या आजारात घातलं, २०१९ मध्ये एक प्रयोग छापला. घरोघरी आजारी पडलेली ३१ मांजरं, जीएस-४४१५२४ नावाचं औषध, किमान बारा आठवडे. २६ मांजरांनी उपचार पूर्ण केले आणि त्यातली २५ दीर्घकाळ जगली. काहींना मधे आजार उलटला, डोस वाढवून पुन्हा द्यावं लागलं. पण साठ वर्षांच्या शून्यानंतर २५! तो पेपर मी रात्री दोनदा वाचला होता.

हे जीएस म्हणजे रेमडेसिव्हिरच्या घरातलंच. रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर त्याचं ज्यात रूपांतर होतं, ते हे. एप्रिल २०२१ मध्ये एका कुपीसाठी नाशिककर औषधांच्या दुकानांबाहेर रात्र-रात्र रांगेत उभे होते ते आठवत असेल. माणसांत त्याचं यश बेताचंच ठरलं. मांजरांच्या एफआयपीत मात्र त्याच कुळातलं औषध बहुतेकांना वाचवतं. नंतरच्या अभ्यासांतही उपचार घेणाऱ्या दहातली आठ-नऊ मांजरं बरी झालेली दिसतात. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ते पशुवैद्यांना रीतसर मिळू लागलं. २०२३ मध्ये सायप्रस बेटावर कुत्र्यांच्या कोरोनाचा तुकडा घेतलेला एक नवा प्रकार मांजरांत पसरला, तेव्हा तिथल्या सरकारने माणसांच्या कोविडसाठी आणून ठेवलेल्या मोलनुपिरावीरच्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. हा प्रकार मांजरातून मांजरात जात होता. आपल्याकडचा नेहमीचा एफआयपी तसा जात नाही, हे लक्षात ठेवा, कारण चिंगी-सोनीचा प्रश्न तिथेच सुटतो.

उपचार कसा असतो ते सांगतो, म्हणजे घरात बसून ठरवता येईल. रोज एका ठरावीक वेळी गोळी, नेहमीचा कोर्स चौऱ्याऐंशी दिवसांचा. पोटातल्या ओल्या प्रकारात बेचाळीस दिवसही पुरतात असं म्युनिकच्या अभ्यासात २०२४ ला दिसलं. पण ते नेमाने रक्त तपासता येत असेल तरच, आणि तो निर्णय डॉक्टरांवर सोडा. डोस वजनावर असतो. डोळा किंवा मेंदू गुंतला असेल तर तो वाढतो, कारण तिथे औषध कमी पोचतं. औषध लागू पडलं तर दोन ते पाच दिवसांत ताप उतरतो आणि वाटी चाटून साफ होते. घरचे फोन करून पहिलं तेच सांगतात, ‘डॉक्टर, ओरडून जेवण मागतोय.’ पाणी एक-दोन आठवड्यांत जिरतं. पाच दिवसांत काहीच हललं नाही तर निदान, डोस आणि औषधाची प्रत, तिन्ही पुन्हा तपासायची.

प्रतीबद्दल स्पष्ट बोलतो. मांजरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून बिन-लेबलच्या कुप्या आणि गोळ्या फिरतात. काही चांगल्या निघाल्या, काहींत काय होतं ते देव जाणे. इंजेक्शन आम्लधर्मी असतं, टोचताना मांजर किंचाळतं आणि जागोजागी जखमा होतात. मला गोळी बरी वाटते. जे काही द्याल ते डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या कागदावर, आणि एकाच ठिकाणाहून. मधेच स्वस्त मिळालं म्हणून बदलू नका. पंचवटीतल्या एका काकूंनी चौऱ्याऐंशी दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या बाजूला, हिरव्या पेनाने टिका केल्या होत्या. गोळी उकडलेल्या चिकनच्या धाग्यात गुंडाळून सकाळी सातला. एकही चुकली नाही. असं घर असेल तर मला काळजी नसते. मांजर बरं दिसायला लागलं की चाळिसाव्या दिवशी परस्पर थांबवणारी घरं माझी झोप उडवतात.

मोलनुपिरावीर हा दुसरा पर्याय आहे, आपल्याकडे माणसांसाठी २०२१ च्या शेवटी मंजूर झालेलं. मांजरांत चालतं, पण तुमच्या घरात मी ते पहिल्या पसंतीने देणार नाही. गरोदर बाईने त्याची पूड हाताळणं, श्वासात घेणं टाळायचं असतं, आणि माणसाची कॅप्सूल मांजराच्या मापात करायची तर ती फोडावी लागते. द्यायची वेळ आलीच तर सूनबाई त्या खोलीत नकोत आणि देणाऱ्याने हातमोजे, मास्क घालावा.

एफआयपी ठरला की अँटिबायोटिक चालू ठेवायचं काही कारण नाही. स्टिरॉइडही नको. आणि पोट रिकामं करून द्या असा आग्रह धरू नका. धाप नसेल तर तपासणीपुरतं पाच-दहा मिली काढलं की बस, कारण त्या पाण्यात लाडूच्याच शरीरातली प्रथिनं आहेत. जितकं काढाल तितकं तो पुन्हा भरणार आणि आणखी खंगणार.

पैशांचं मात्र पहिल्याच भेटीत बोला. औषध, दर काही आठवड्यांनी रक्त, आणि कोर्सनंतरचे तीन महिने लक्ष. अर्ध्यावर सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षा महाग पडतो. परवडत नसेल तर तसं सांगायला लाजू नका. निदान पक्कं असेल, मांजर यातनांत असेल आणि औषध शक्य नसेल, तर शांतपणे झोपवणं ही क्रूरता नाही. मी तेही केलंय. फक्त ते दोन रेघांवर होऊ नये.

आता चिंगी-सोनी आणि ट्रे.

त्यांना हाकलू नका, वेगळं काढू नका, तपासू नका. त्यांनी लाडूसोबत एकाच ट्रेमध्ये खड्डे खणलेत, तेव्हा आतड्यातला साधा कोरोना त्यांच्याकडे असायचा तो आलेला आहे. लाडूतला बदललेला विषाणू लाडूपुरता आहे. निरोगी मांजराला ‘खबरदारी म्हणून’ जीएस देणं हा शुद्ध मूर्खपणा. करायचं असेल तर ट्रेचं करा, कारण हा साधा कोरोना शेवटी विष्ठेतून तोंडात जाणारा आहे. तीन मांजरांना तीन तरी ट्रे, चौथा ठेवता आला तर उत्तम, आणि सगळे एका बाल्कनीत ओळीने नकोत. जेवणाच्या वाट्यांपासून लांब. मळ दिवसातून दोनदा उचलायचा. बांधकामावरून आणलेली वाळू स्वस्त पडते हे मला माहीत आहे, पण ती पंजाला चिकटून घरभर जाते आणि बदलायचा कंटाळा केला जातो. गोळे बनणारं लिटर परवडत असेल तर तेच घ्या. वाळलेल्या विष्ठेत हा विषाणू काही आठवडे तग धरतो, पण साबण आणि ब्लीचपुढे टिकत नाही. ट्रे साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच आणि तीसेक भाग पाणी, दहा मिनिटं, धुवा, उन्हात वाळवा. संडासच्या ॲसिडमध्ये ब्लीच मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि काळं फिनाईल तर मांजराच्या घरात नकोच. फरशीवरचं फिनाईल पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात, आणि मांजराला ते विष आहे.

सूनबाईंचा प्रश्न कोरोनाचा नाहीच, पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा आहे, आणि तोही लोक समजतात तेवढा भयंकर नाही. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून येतो खरा, पण बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. मळ रोज उचलला की निम्मा धोका तिथेच संपतो. बाळंतपण होईपर्यंत ट्रेला सूनबाईंनी हात लावू नये, ते काम तुमच्या चिरंजिवांना द्या. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मटण आणि बागेतली माती हे या परजीवीचे मांजराइतकेच मोठे रस्ते आहेत. शंका असेल तर त्यांच्या डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. मांजर हाकलण्याची गरज मला दिसत नाही.

लाडूची एक तपासणी मात्र किटवरच करून घ्या, रक्ताच्या कर्करोगाच्या विषाणूची, म्हणजे एफईएलव्हीची. त्याच किटवर एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू, हाही बघता येतो. तुम्ही विचाराल, किटवर विश्वास नाही म्हणणारा आता किटच सांगतोय. फरक असा की एफईएलव्हीची किट प्रतिपिंडं नाही, विषाणूचाच भाग शोधते, त्यामुळे तिच्या रेघेला वजन आहे. एफईएलव्ही लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून पसरतो. तो असेल तर पुढचा अंदाज बदलतो आणि पोटातल्या पाण्याचं दुसरं कारणही निघू शकतं. एफआयव्ही चावाचावीतून जातो. घरातल्या नसबंदी झालेल्या मांजरांना त्याची फारशी भीती नाही.

लसींचं थोडक्यात. मांजरांची तीन-इन-वन लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तिघांवर आहे, कोरोनावर नाही. कुत्र्यांच्या लसीतला ‘कोरोना’ मांजराला टोचून घ्यायचा विचारही करू नका, तोही प्रश्न मला येतो. पण म्हणून तीन-इन-वन चुकवू नका. पॅनल्युकोपेनिया, लोक ज्याला कॅट पार्वो म्हणतात, तो दरवर्षी माझ्याकडे एफआयपीपेक्षा कितीतरी जास्त पिल्लं मारतो. पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, प्यावंसं वाटतं पण पीत नाही. पांढऱ्या पेशी काही शेवर येतात, तीन दिवसांत खेळ संपतो. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकतो. सॅनिटायझरने मरत नाही, ब्लीचने मरतो. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून लस सुरू करून सोळा आठवड्यांच्या पुढे शेवटचा डोस गेला पाहिजे. ‘दोन झाले की बास’ म्हणून बाराव्या आठवड्यात थांबलेली पिल्लं आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे लस न लागता कोरडी राहतात. रेबीज वेगळी, तीही हवी. लाडूच्या लसी उपचार संपून तो स्थिर झाल्यावर बघू.

आणि कोंबडीच्या दुकानातून मांजरांसाठी पोटा-काळीज आणत असाल तर उकडूनच द्या. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत छिंदवाड्याला घरातली मांजरं पॉझिटिव्ह निघाली. आपला जिल्हा पोल्ट्रीचा. कच्चं मांस ‘नैसर्गिक’ म्हणून देण्याची फॅशन कॉलेज रोडपासून सुरू झालीय, ती तिथेच राहू दे.

उद्या दवाखान्यात जाताना आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, दिलेल्या औषधांची पाकिटं आणि रात्री मोजलेला श्वासाचा आकडा न्या. आधीच्याच डॉक्टरांकडे गेलात तरी हरकत नाही. एवढंच म्हणा, पोटातलं पाणी काढून रिव्हाल्टा आणि काच बघूया, अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन काढूया. बहुतेक डॉक्टर ऐकतात. निघण्याआधी लाडूचं वजन करा. प्रवासाच्या बॅगांचा लटकता काटा असेल तर त्याला कापडी पिशवीत बसवून टांगा, मग रिकाम्या पिशवीचं वजन वजा करा. तो आकडा कॅलेंडरवर लिहा आणि बाजूला ‘पाण्यासकट’ असं लिहून ठेवा. उपचार सुरू होऊन पाणी जिरायला लागलं की दुसऱ्या आठवड्यात वजन घटलेलं दिसेल, आणि हे लिहिलेलं नसेल तर तुम्ही रात्री अकराला मला फोन कराल.